बावीस सेकंदांचं व्हायोलिन

पडद्यावर दोन माणसं एकमेकांच्या जवळ येतात तेव्हा त्यांच्या ओठांआधी व्हायोलिन पोचलं पाहिजे. हे मला कोणी समजावून सांगितलं नाही, मार खात खात कळलं. तसं मला सगळंच मार खाऊन कळलंय म्हणा.

आमचं घराणं संस्थानी रिसाल्यातलं. तलवारी कधीच सरकारजमा झाल्या, हात मात्र घरातच राहिले. नाना, म्हणजे माझे वडील, कॉलेजात हेडक्लार्क होते. दिवसभर फायली आणि संध्याकाळी आम्ही. मला व्हायोलिन शिकवायला एक मास्तर ठेवले होते, ते गज उलटा धरून बोटांच्या पेरांवर मारायचे. एकदा नखातून रक्त आलं तर नाना ओट्यावरून ओरडले, "मास्तर, बोटं तेवढी सांभाळा, बाकी बघून घ्या." मास्तरांनी मग पाठ बघून घेतली. मोठी झाल्यावर मीही काही कमी नव्हते. नवरा केला होता, तो दोन वर्षांत सुटला. आधी हात कोणी उचलला याबद्दल आजही दोन मतं आहेत.

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बारा-पंधरा वर्षं वाजवल्यावर मी घराच्या वरच्या खोलीत रेकॉर्डिंगचं सामान मांडलं. आपलं इंदूर आता असं झालंय की भंवरकुआंला कोचिंगला आलेली अर्धी पोरं परीक्षा देतात आणि अर्धी फिल्म बनवतात. काही हुशार दोन्हीत नापास होतात. ही सगळी मंडळी म्यूझिकसाठी माझ्याकडे येतात, कारण मी अस्सल व्हायोलिन वाजवते, कीबोर्डातलं नाही. येतात ती मुख्यतः दोन सीन घेऊन, मारामारी आणि किस. मारामारीत काही विशेष करावं लागत नाही. धडाधड वाजवलं की पब्लिक खूश. किसचं काम अवघड.

कधी घरी आवाज बंद करून बघा तो सीन. खरंच बघा. दोघं एकमेकांची नाकं चुकवत असतात. त्याची मान अवघडलेली असते, तिला लाइट डोळ्यांवर येत असतो, आणि दोघांच्या मनात एकच की कट कधी म्हणतोय हा. त्यात प्रेम कुठून येणार? प्रेम आम्ही घालतो. ओठ टेकायच्या तीन सेकंद आधी मी एकच सूर लावते, खर्जातला, गज तारेवर जेमतेम ठेवून. ऐकणाऱ्याला तो कळत नाही पण त्याचा श्वास अडकतो. ओठ टेकले की मी सूर काढून घेते. पूर्ण शांतता. त्या शांततेत जो तो स्वतःच्या आयुष्यातलं काहीबाही भरतो. मग कोमल गंधारावरून मींड घेत वर जायचं, आणि तोवर बाजूच्या खुर्चीतली बाई डोळे पुसायला लागलेली असते. माझ्या हातून कितीतरी अवघडलेली पोरं प्रेमात पडलीत. मला त्याचा फार गर्व होता, कशाला खोटं बोलू.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात एक पोरगा आला. सव्वीस-सत्तावीसचा, डायरेक्टर, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा आंघोळीलासुद्धा काढत नसावा असा. वीस मिनिटांची फिल्म होती. कोचिंगमधले दोघं प्रेमात पडतात, रिझल्ट लागतो, ती पास होते, हा नापास, आणि इंदूरबाहेर राऊ गावातल्या एका गच्चीवर शेवटचं भेटतात. "दीदी, आखरी सीन थोड़ा कच्चा लग रिया है," तो म्हणाला, "म्यूज़िक से संभाल लो."

हीरोइनचं काम केलेली मुलगी माझ्या ओळखीची झाली होती, कारण आधीच्या सीनच्या चाली ऐकायला ती दोन-तीनदा डायरेक्टरबरोबर आली होती. बावीस वर्षांची, हातोदच्या एका मराठी मास्तरांची एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली. भंवरकुआंला हॉस्टेलमध्ये राहून बी.एड. करत होती आणि नाटकाच्या वेडातून या फिल्ममध्ये आली होती. घरी तिनं 'कॉलेजचा प्रोजेक्ट' म्हणून सांगितलं होतं. मी मराठी बोलते कळल्याबरोबर मला मावशी म्हणायला लागली. खोलीत शिरताना चप्पल काढून भिंतीशी सरळ लावून ठेवायची. मला बरी वाटली पोरगी.

आता आमच्या कामाची एक पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शूटिंगच्या जागी जो कच्चा आवाज टिपतात त्याला आम्ही पायलट म्हणतो. तो फिल्ममध्ये ठेवत नाहीत. त्यात ट्रकची घरघर असते, कुत्री असतात, युनिटची खोकणारी माणसं असतात. नट-नट्या नंतर स्टुडिओत येऊन, कानात पायलट ऐकत, सगळं पुन्हा स्वच्छ बोलतात. म्यूझिक करताना तर मी पायलट ऐकतच नाही. चित्र लावायचं, पायलट बंद करायचा, व्हायोलिन उचलायचं. वीस वर्षांची सवय. तशीच या वेळीही केली.

नऊ सेकंदांचा शॉट डायरेक्टरनं स्लो करून बावीसचा केला होता. उतरतं ऊन. मुलाचा चेहरा तिच्यावर वाकतो. तिचे डोळे मिटतात. तिचा तळवा त्याच्या छातीवर येतो आणि हळूहळू, अगदी हळूहळू, सरकत खांद्यापर्यंत जातो. मी म्हटलं, वा गं पोरी, काय लाजलीस! त्या तळव्यावर मी अख्खी चाल बांधली. तो सरकतो तिथे माझी मींड सरकत होती, बोटं थांबतात तिथे गज थांबत होता. दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. झाल्यावर लावून बघितलं तर माझ्याच डोळ्यांत पाणी. नाना ब्याऐंशीचे आहेत, जिना चढताना तीनदा थांबतात, पण ते वर आले, दारात उभं राहून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "आज बरं वाजलंय." पन्नास वर्षांत पहिल्यांदा. डायरेक्टर तर पायाच पडला. "दीदी, आग लगा दी," म्हणाला, आणि तो तुकडा माझ्या म्यूझिकसकट पेनड्राइव्हवर घेऊन गेला.

चार दिवसांनी ती मुलगी डबिंगला आली. दुपारची वेळ. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो, त्यामुळे दोघींच्याही अंगाची लाही लाही. तरी तिनं सगळे संवाद झकास केले. राहिला शेवटचा सीन. त्यात बोलणं नव्हतं, पण श्वास लागतात. किस असला की श्वास घ्यावेच लागतात, नाहीतर म्यूझिकखाली दोन पुतळे उभे वाटतात. मी मूळ शॉट, मूळ वेगात, पायलटसकट तिच्या हेडफोनमध्ये लावला. बाहेर मला काहीच ऐकू येत नव्हतं.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "मावशी, हा सीन काढणार होते ना?"

"कोण काढणार? अगं, हाच तर सीन आहे!"

"मी हे नाही करणार."

माझं डोकं फिरलं. चार तास घामाच्या धारा, आणि आता हिचे नखरे! "पडद्यावर केलंस तेव्हा लाज नाही वाटली, आता माइकसमोर नुसता श्वास घ्यायला काय धाड भरलीय?" मी म्हटलं. ती मान हलवत राहिली. मी उठले, तिचं मनगट धरून तिला स्टुलावर बसवलं, हेडफोन तिच्या डोक्यावर घातला आणि दोन्ही कानांवर दोन्ही हातांनी दाबून धरला. तसाच कोपरानं शॉट सुरू केला. ती धडपडायला लागली. मी आणखी दाबलं. तेव्हा तिनं माझ्या हाताला कडकडून चावा घेतला.

मी कळवळले आणि मारायला हात उचलला. तिनं झटकन दोन्ही कोपरं तोंडापुढे आणली आणि मान आत ओढून घेतली. ते तसं बसणं मला चांगलं माहीत आहे. आमच्या घरात मी बसायचे. हात खाली आला माझा. मी तिच्या डोक्यावरचा हेडफोन काढला आणि माझ्या कानाला लावला.

आधी ट्रक. मग डायरेक्टरचा आवाज, "एक्शन." कपड्यांची सळसळ. मग तिचा आवाज, "ए, नको. नको ना! सिर्फ माथा लगाना था..." तो आवाज मध्येच दाबला गेला. डायरेक्टर म्हणत होता, "चलने दे, चलने दे, कट नहीं है." कोणीतरी हसलं. मग तिचा एक श्वास सुटला आणि त्यातून "आई गं" निघालं, आणि मग रडणं सुरू होता होता आवाज तुटला. नऊ सेकंद.

मी चित्र बघत पुन्हा ऐकलं. मूळ वेगात तो तळवा सरकत नव्हता. ढकलत होता. एकदा छातीवर जोर लावून, आणि तिथे जमेना म्हणून खांद्यावर. डोळे लाजून मिटले नव्हते, घट्ट आवळले होते. आणि माझा खर्जातला सूर, ज्याच्यावर मी इतकी खूश होते, तो बरोब्बर त्या पहिल्या 'नको'वर सुरू होत होता. तिचं तोंड दाबण्यात मीही होते. त्या दोघांनी नऊ सेकंद दाबलं, मी बावीस.

मुलगी आता शांत बसली होती. तिनं सांगितलं की कथेत फक्त कपाळाला कपाळ लावायचं होतं. डायरेक्टरनं हीरोच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मग हे झालं. ती रडली तेव्हा त्यानं शब्द दिला की एडिटमध्ये काढून टाकू. "मावशी, तुम्ही भांडू नका," ती म्हणाली. "फक्त काढायला सांगा. दीड महिन्यावर माझी शेवटची परीक्षा आहे. बाबांना यातलं काही कळलं तर ते मला उचलून नेतील, मग संपलं सगळं. मला तेवढी परीक्षा देऊ द्या."

"नाही भांडत," मी म्हटलं. शपथ घेतली चक्क. तिच्यासाठी लिंबूपाणी केलं, आणि ती जाताना मी तिची माफी मागितली नाही ते नाहीच. आमच्यात ती पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टर आला. मी ठरवलं होतं की डोकं थंड ठेवायचं. दोन वाक्यं राहिलं थंड. "तो सीन काढ," मी म्हटलं, "मी पायलट ऐकलाय."

तो हसला. "अरे दीदी, रियल आया ना? एक्टिंग में वो बात नहीं आती. और आपने जो बजाया है, उसके बाद कौन बोलेगा कि जबरदस्ती थी?"

मेल्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माइकचा स्टँड हाताशी होता. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. ओठ फाटला त्याचा. त्यानंही मला ढकललं, मी कपाटावर आपटले आणि तशीच उठून पुन्हा त्याच्या अंगावर गेले. तेवढ्यात धडधड ऐकून नाना काठी टेकत वर आले. त्यांनी काही न विचारता त्याच्या पाठीत दोन काठ्या हाणल्या आणि मग मला विचारलं, "काय केलंय यानं?" तो पायऱ्यांवरून रक्त पुसत पळाला, खालून ओरडला, "देख लूँगा!" मी वरून म्हटलं, "ये, ये, दुसरा ओठ शिल्लक आहे."

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. पोटभर वरणभात खाल्ला. नाना आणि मी कित्येक वर्षांत इतकं हसलो नव्हतो. आपण त्या मुलीसाठी केवढं मोठं काम केलं असं वाटत होतं मला. तिनं काय मागितलं होतं हे तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

संध्याकाळी डायरेक्टरनं टीझर टाकला. फिल्मचं नाव, आणि मग फक्त तो सीन. बावीस सेकंद. माझं व्हायोलिन. सकाळपर्यंत भंवरकुआंच्या प्रत्येक पोराच्या मोबाइलवर तो वाजत होता. खाली कमेंटचा पाऊस. काय प्रेम आहे, काय लाजतेय, अशी मिळाली पाहिजे. कोणी लिहिलं होतं, म्यूझिकनं मारून टाकलं. मी मुलीला फोन लावला, बंद. हॉस्टेलवर गेले. तिथल्या वॉर्डनबाईंनी आधी मला आत घेतलंच नाही, मग म्हणाल्या, "उसके पापा सुबह ले गए." कसं नेलं ते पण सांगितलं. गेटपासून रिक्षापर्यंत वेणी धरून. शंभर पोरी खिडक्यांतून बघत होत्या, त्यांतल्या निम्म्या मोबाइल धरून.

मी हॉस्टेलच्या फाटकाशी स्कूटीवर बसून राहिले. मी त्याला मारलं, त्यानं त्याचा राग तिच्यावर काढला. किती सोपा हिशेब, आणि पन्नासाव्या वर्षी मला तो आधी दिसला नाही. गप्प राहिले असते, गोड बोलले असते, नवीन चाल करून देते म्हणून दहा दिवस झुलवलं असतं, तर तिची परीक्षा तरी झाली असती. पण आमचे हात शिवशिवतात ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूळ शॉट मोबाइलवर घेतला, मूळ वेगात, मूळ आवाजासकट, आणि हातोदला निघाले. मंडीचा दिवस असावा. लसणानं भरलेल्या ट्रॉल्यांमागे अर्धा रस्ता रांगत गेले. मास्तरांचं घर सापडायला वेळ लागला नाही. चौकात नाव घेतल्याबरोबर पानवाला ओळखीचं हसला, त्यावरून कळलं की गावानंही टीझर बघितलाय.

दार मास्तरांनीच उघडलं. माझ्याच वयाचे, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. मी कोण ते सांगितलं तर हात जोडून म्हणाले, "या मॅडम, बसा." पाणी दिलं. इतकी सभ्य माणसं मला जास्त घाबरवतात. आतल्या दारात ती उभी होती. डावा डोळा सुजून बंद झालेला. एक हात ओढणीच्या झोळीत. खुंटीवर सायकलची ट्यूब लटकत होती आणि घरात सायकल नव्हती.

"तुम्हीच वाजवलंय ना ते?" मास्तर म्हणाले. "फार सुंदर वाजवलंत. मी दहा वेळा पाहिलं. पहिल्यांदा वाटलं, पोरांनी फसवून काढलं असेल. पण डोळे मिटलेत हिचे. हात कसा फिरतोय त्याच्या छातीवर. तीस वर्षं मुलं शिकवतोय मॅडम, खोटं लगेच कळतं मला. हे खोटं नाही."

त्या पोरीचा डोळा मी फोडला होता. ट्यूब त्यांनी उचलली असेल, पण पुरावा माझा होता. माझ्या गंधारानं, माझ्या मींडीनं तिला राजी करून टाकलं होतं, आणि आता ती कितीही ओरडून सांगो, तो सूर तिच्यापेक्षा जास्त खरा वाटत होता. तिच्या बापालासुद्धा.

"सर," मी म्हटलं, "हे ऐका. नुसतं बघू नका, ऐका." आणि तिच्याकडे बघून विचारलं, "लावू?"

तिनं मान हलवली, हो म्हणून.

ट्रक. एक्शन. नको. नको ना. नऊ सेकंद संपले. मास्तर म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी मोबाइल कानाशी धरून, चित्र न बघता ऐकलं. "आई गं" आलं तेव्हा त्यांची मान एकदम खाली गेली. चष्मा काढून डोळे दाबून बसले. मला वाटलं, झालं. आता हा माणूस उठेल, मुलीजवळ जाईल.

तो उठला नाही. हळू आवाजात म्हणाला, "हे कोणाला ऐकवू नका. ते म्यूझिकवालंच राहू द्या."

"अहो सर, त्यात ती राजी दिसते!"

"दिसू द्या. पोरगी प्रेमात पडली म्हटलं तर लोक चार दिवस बोलतात. त्या मुलाच्या घरी मी बोलणं लावतो, लग्न होऊन जाईल. हे ऐकलं तर मॅडम, जन्मभर बोलतील. हिला कोण घेणार?"

काल राजी होती म्हणून हात मोडला, आज राजीच असायला हवी होती. मी उठले आणि त्यांची कॉलर धरली. ग्लास खाली पडून फुटला, पाणी त्यांच्या पायांवर. ते सोडवायचा प्रयत्नही करत नव्हते, नुसते रडत होते, आणि त्यानं मला आणखी चेव आला. उजवा हात पूर्ण मागे गेला होता माझा.

"मावशी, सोडा त्यांना," ती दारातून म्हणाली.

मोठ्यानं नाही म्हणाली. मी सोडलं. उजवा हात मी डाव्या हातानं धरून ठेवला आणि भिंतीशी जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी म्हणालं म्हणून थांबले असेन.

ती पुढे आली आणि वडिलांसमोर जमिनीवर बसली. "बाबा, मी राजी नव्हते. तुम्ही आत्ता ऐकलंत. एवढं एकदा तोंडानं म्हणा. मग काय ठेवायचं ते ठेवा."

मास्तरांचे ओठ नुसते हलले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, गाणी लावून. ती त्यांच्या तोंडाकडे बघत वाट बघत होती, एका उघड्या डोळ्यानं. मी मनात म्हणत होते, म्हण रे बाबा, तीन शब्द आहेत, म्हण. त्यांनी पंचानं पायांवरचं पाणी पुसलं, चष्मा पुन्हा लावला आणि कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या भल्याचंच सांगतोय."

ती उठली. माझ्यापुढे चांगला हात केला. "मावशी, मोबाइल द्या."

"तू सांग, मी टाकते," मी म्हटलं.

"नाही. मी टाकते. माझ्या नावानं."

"नीट विचार कर गं. परीक्षा, गाव..."

"केलाय. दोन दिवस दुसरं काय केलं?"

मी मोबाइल दिला. एका हातानं, अंगठ्यानं, तिनं स्वतःचं खातं उघडलं. मूळ शॉट लावला. वर काही लिहिलं नाही. मास्तर खुर्चीत अर्धवट उठले, "ए, मी सांगतोय तुला," म्हणत हात वर नेला. मी भिंतीपासून एक पाऊल पुढे झाले. ती जागची हलली नाही. कोपर तोंडापुढे आणलं नाही. अंगठा दाबला आणि मग मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा हात तसाच हवेत राहिला, आणि मग खुर्चीच्या पाठीवर टेकला.

मी काचा वेचायला लागले, कारण करायला दुसरं काही नव्हतं. पाच-सात मिनिटं झाली असतील. मास्तरांचा फोन खाटेवर वाजला. त्यांनी नाव बघितलं, त्यांच्या मोठ्या भावाचं होतं, आणि घाबरून फोन तसाच पालथा ठेवला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. तेव्हा तिनं वाकून उचलला, आणि पलीकडून सुरू झालेला आरडाओरडा पूर्ण ऐकून घेतला.

"हो काका, मीच आहे ती," ती म्हणाली. "आवाज सुरू करून बघितलंत ना?"